ही लक्षणीय कोण?

(वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय. मध्येमध्ये वाहवत गेले होते ते थोडं छाटलं, सगळं छाटलं असतं तर भाषणच उरलं नसतं.)

नमस्कार. मागे आवाज येतोय का? ज्यांना ऐकू येत नाहीये त्यांनी हात वर करा. बघा, एकही हात नाही. आता ज्याला ऐकूच येत नाहीये तो हात कसा वर करणार, पण आपण समजायचं की सगळ्यांना ऐकू आलं, कोणाची काही तक्रार नाही, इतिवृत्तात तशी नोंद करायची आणि पुढे जायचं. आजचं भाषण साधारण याच्यावरच आहे, त्यामुळे तसं म्हटलं तर संपलं.

सव्वासहाची वेळ होती, आता पावणेसात वाजलेत. शाल झाली, श्रीफळ झालं, दोन सत्कार झाले आणि सेक्रेटरींनी आत्ताच कानात सांगितलंय की मॅडम, साडेसातला हॉल सोडायचाय, पुढे भरतनाट्यमचा क्लास आहे. म्हणजे या हॉलमध्येसुद्धा हितसंबंधांचा झगडा आहेच. त्या मुली महिन्याची फी भरतात, तुम्ही फुकट आलायत, कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा.

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला पर्यावरणतज्ज्ञ म्हटलं, ते आधी खोडते. मी भाषांतर करते. इंग्रजीतून मराठीत, शब्दाच्या भावाने, भाजी जशी जुडीच्या भावाने. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, जो कोणी वाचत नाही आणि परत तशीच घडी घालता येत नाही, तो मराठीत मी लिहिलेला असू शकतो. विम्याच्या अटी केल्या, मिक्सरच्या पुस्तिका केल्या आणि गेली बारा-तेरा वर्षं एक वेगळंच काम यायला लागलं, प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांचे मराठी सारांश. बंदर, पूल, रस्ता, कारखाना काहीही करायचं म्हटलं की त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा एक जाडजूड अहवाल इंग्रजीत बनतो आणि त्याचा पंधरा-वीस पानांचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो स्थानिक भाषेत देणारी बाई म्हणजे मी. तर मी जे बोलणार ते तज्ज्ञ म्हणून नाही, मोलकरणीला घरातलं जे माहीत असतं ना, तसं समजा.

निमंत्रणपत्रिकेवर विषय आहे, 'पर्यावरण धोरण आणि हितधारकांचे परस्परविरोधी हितसंबंध'. हा विषय मी दिलेला नाही. हे वाचूनसुद्धा तुम्ही आलात, म्हणजे एकतर उकाडा फार आहे आणि इथे एसी आहे, किंवा तुम्ही खरंच सज्जन माणसं आहात.

आता हा शब्द घ्या, हितधारक. इंग्रजीत स्टेकहोल्डर. हा पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा मी घाईत 'भागधारक' लिहून मोकळी झाले. 'प्रकल्पाच्या सर्व भागधारकांशी वेळोवेळी चर्चा करण्यात येईल.' नंतर त्या कंपनीतला मुलगा सांगत होता, गावातल्या बैठकीत एकाने उठून विचारलं, आमचे शेअर किती आणि डिव्हिडंड कधी? चूक माझी होती, पण त्या माणसाचा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. मग मी भागधारक सोडला आणि सरकारी हितधारक धरला. पण हाही शब्द मला टोचतो. धारक म्हटलं की आपल्याकडे काय काय येतं? पासधारक, परवानाधारक, रेशनकार्डधारक. धारक म्हणजे ज्याच्या हातात काहीतरी कार्ड आहे तो. मग ज्याचं हित आहे पण हातात कागद नाही त्याचं काय करायचं? ओहोटीला खडपावर बसून कालवं फोडणारी बाई आहे, तिच्याकडे होडीचं लायसन नाही, कारण तिच्याकडे होडीच नाही. तिचं हित आहे, पण धारक ती कशाचीच नाही. नुकसानभरपाईची यादी बहुतेक वेळा होड्यांवरून आणि लायसनवरून निघते. कोयत्यावरून निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि दुसरं असं की हा शब्द सगळ्यांना एका रांगेत उभं करतो. ज्याचे वीस मिनिटं वाचणार तो हितधारक, ज्याचा धंदा जाणार तोही हितधारक, ठेकेदारही हितधारक आणि आता तर कबुतरंसुद्धा. दादरमध्ये उभं राहून कबुतरांवर बोलायचं म्हणजे माणसाने हेल्मेट घालून यावं, पण दोन वाक्यं बोलतेच. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, महापालिकेने आपल्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, प्रकरण हायकोर्टात होतंच. एका बाजूला फुफ्फुसाचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला श्रद्धेने दाणे टाकणारी माणसं, तिसऱ्या बाजूला आजूबाजूच्या इमारतीत राहणारे ज्यांना खिडकी उघडता येत नाही. तिघंही खरं बोलत होते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात जी भांडणं झाली त्यातून दोन कुटुंबं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तिकडे कबुतरं त्यांच्याच एसीवर घरटं करून बसलीयेत. मला एवढंच सांगायचंय की पर्यावरणाच्या भांडणात एक बाजू वाईट लोकांची असते हे आपण आधी डोक्यातून काढून टाकूया. तसं असतं तर किती सोपं झालं असतं.

बरं. मुद्द्यावर येते. मुद्दा जनसुनावणीचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. भोपाळ झालं १९८४ ला, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याच्या पोटात १९९१ ची सीआरझेडची अधिसूचना आली, म्हणजे किनाऱ्यावर काय बांधायचं आणि काय नाही ते, आणि त्याच कायद्याच्या पोटात १९९४ ची आणि मग २००६ ची परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आली. या २००६ वाल्या अधिसूचनेत चार टप्पे आहेत. आधी प्रकल्प कुठल्या वर्गात बसतो ते बघायचं, मग अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवायचं, मग लोकांना विचारायचं आणि मग समितीने निकाल द्यायचा. लोकांना विचारायचा, म्हणजे जनसुनावणीचा टप्पा तिसरा. हे 'तिसरा' लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्यावर येणार आहे, वेळ उरला तर.

सुनावणी भरवतं प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी, किमान तीस दिवस आधी नोटीस द्यायची, एका राष्ट्रीय पेपरात आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात. व्हिडिओ शूटिंग करायचं, लग्नासारखं. आणि माझा सगळ्यात आवडता नियम, या सुनावणीला कोरम लागत नाही. आपल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेला कोरम लागतो, नसला तर अर्धा तास तहकूब करून त्याच जागी परत घेतात, निदान तेवढं नाटक तरी करतात. समुद्र भरायचा असेल तर कोरम लागत नाही. कोणी आलं नाही तरी सुनावणी झाली. म्हणून म्हटलं ना, हात वर करा.

आता गोष्ट सांगते. ही मी याआधी चार-पाच ठिकाणी सांगितलीये, माझा नवरा पहिल्या रांगेत बसलाय, त्याला पाठ आहे, तो आता चष्मा पुसायला लागेल. बघा, लागला.

उत्तरेकडच्या एका खाडीवरचा प्रकल्प होता, नाव सांगत नाही. सल्लागार कंपनीचंही सांगत नाही, कारण त्यांच्याकडून पैसे यायचेत अजून. हे सल्लागार कोण असतात, तर ज्याला प्रकल्प करायचाय त्याने पैसे देऊन नेमलेले. म्हणजे मुलीच्या बापाला विचारायचं मुलगी कशी आहे. तर मला सारांश आला, शनिवारी संध्याकाळी, सोमवारी सकाळी हवा. हे नेहमीचंच. अहवालाला दीड वर्ष, भाषांतराला दीड दिवस. शब्दाला नव्वद पैसे.

मी करायला घेतलं. हवा, पाणी, आवाज, माती, सगळं नेहमीचं. तुम्ही दहा सारांश केलेत की अकरावा झोपेत होतो. मग आला मत्स्यव्यवसाय. दोनच ओळी. इंग्रजीत होतं की सर्वेक्षणाच्या काळात प्रकल्प क्षेत्रात सिग्निफिकंट म्हणावी अशी मासेमारी दिसली नाही. मी लिहिलं, 'सर्वेक्षण कालावधीत प्रकल्प क्षेत्रात लक्षणीय मासेमारी आढळून आली नाही.' लिहिलं आणि पुढे गेले. रात्री साडेबारा वाजलेले. पुढे एक तक्ता होता, कुठलं सर्वेक्षण कधी केलं त्याचा. त्यातल्या तारखा फक्त टाइप करायच्या होत्या, डोकं लावायचं कामच नाही. आणि मी टाइप करतेय, मत्स्यव्यवसाय सर्वेक्षण, ८ जुलै ते १४ जुलै.

माझं माहेर अलिबागकडचं. जुलै म्हटल्यावर माझे हात थांबले.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. सरकारचीच बंदी आहे, माशांच्या पैदाशीचे दिवस म्हणून, आणि सरकारने बंदी केली नसती तरी त्या समुद्रात कोण जाणार होतं. होड्या वर ओढलेल्या असतात, शाकारलेल्या असतात, वरून ताडपत्री नाहीतर झावळ्या, खाली बसून म्हातारे जाळी विणत असतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत असंच. आणि ही मंडळी बरोबर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छत्र्या घेऊन खाडीवर गेली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वहीत लिहिलं, मासेमारी नाही. गंमत पुढेच आहे. हवेचे नमुने मात्र त्यांनी पावसाळा सोडून घेतले होते, कारण पावसात हवा धुऊन निघते, आकडे खरे येत नाहीत, हा नियम त्यांना तोंडपाठ. हवा बघायची ती पावसाळा सोडून आणि मासे बघायचे ते भर पावसाळ्यात! दिवाळीत शाळेत जाऊन लिहून आणायचं की या गावात मुलं शिकत नाहीत, त्यातलाच प्रकार.

रविवारी सकाळी मी त्या मुलाला फोन केला. चांगला मुलगा होता हो, नाशिककडचा, मराठी बोलणारा, एन्व्हायर्नमेंटमध्ये एमएस्सी. मी म्हटलं, अरे बाळा, ही तारीख बघ. त्याने बघितली असावी, कारण फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा ना." उद्धटपणे नाही म्हणाला, अगदी विनवणी केल्यासारखं. त्यालाही कोणीतरी वरचा असणार, त्यालाही सोमवारी सकाळ होती.

आणि मी केलं. हे मला सांगायलाच हवं. मी काही फार मोठं बंड वगैरे केलं नाही, खाली टीप घातली नाही, मी जे वाक्य होतं ते जसंच्या तसं दिलं, सोमवारी सकाळी नऊ वाजता मेल केला आणि दूध तापवायला गेले. फक्त एक केलं, ज्या दिवशी सुनावणी होती त्या दिवशी मी तिथे गेले. का गेले मला विचारू नका. कदाचित आपलं लिहिलेलं कोणी वाचतं का हे बघायला गेले असेन, लेखक लोक जसे पुस्तक प्रदर्शनात आपल्या पुस्तकाजवळ घुटमळतात.

सकाळी अकराची वेळ, मंगळवार. मंगळवारी सकाळी अकराला कोळीवाड्यातल्या बायका कुठे असतात? बाजारात असतात. वार कोणी ठरवला माहीत नाही, पण ज्याने ठरवला त्याने कधी पापलेट विकत घेतलेलं नसणार, त्याच्या घरी आयतं येत असणार. हॉलमध्ये पुढच्या चार रांगा भरलेल्या, सगळे पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या नव्याकोऱ्या टोप्या, हातात पाण्याची बाटली. प्रकल्पामुळे रोजगार येईल असं त्यांना वाटत होतं आणि त्यांना तसं वाटू नये असं मी म्हणणार नाही, गावात काम नाही, पोरं रोज विरारची गर्दी खातात. मागे थोडे कोळी, दोन-तीन संस्थांची माणसं, एक वकील आणि भिंतीशी सहा-सात बायका, टोपल्या बाहेर ठेवून आलेल्या. त्या दिवसाचा धंदा बुडवून आलेल्या, हे लक्षात घ्या. टोपीवाल्यांना वडापाव होता, यांना खाडा होता.

प्रेझेंटेशन झालं, चाळीस मिनिटं, निळ्या रंगाचे बाण इकडून तिकडे. मग प्रश्न. वकील बोलले, संस्थावाले बोलले, सगळं इंग्रजी मिसळलेलं, कलम अमुक, परिशिष्ट तमुक, कलेक्टरांचे प्रतिनिधी मान डोलावून लिहून घ्यायला सांगत होते. मग भिंतीशी बसलेल्यांपैकी एक म्हातारी उठली. पंच्याहत्तरीची तरी असेल, कपाळावर मोठं कुंकू, कानात वर त्या जड सोन्याच्या कुड्या, हातात माझ्या सारांशाची झेरॉक्स. नातवाने आदल्या रात्री वाचून दाखवलेला असणार, कारण त्या वाक्याखाली पेनाने रेघ होती. माईक घ्यायला तयार नाही, म्हणाली मला नको तो दांडा. आणि म्हणाली,

"सायेब, यात लिवलंय, लक्षणीय मासेमारी आढळली नाय. आमच्या वाड्यात घर न् घर मला ठावं हाय. ही लक्षणीय कोण?"

आधी कोणाला कळलंच नाही. मग टोप्या हसल्या, मग मागचे हसले, कलेक्टरांचे प्रतिनिधीसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. म्हातारी नाही हसली. तिला वाटत होतं लक्षणीय नावाची कोणी बाई आहे, तिचीच मासेमारी यांनी शोधली आणि ती सापडली नाही. किंवा, मला आज असं वाटतं, तिला तसं अजिबात वाटत नव्हतं आणि ती आपली सगळ्यांची फिरकी घेत होती. हसणं थांबल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं, "कुठल्या म्हैन्यात आल्ते बगायला?" आणि तो नाशिकचा मुलगा, जो लॅपटॉपजवळ उभा होता, त्याने खाली बघितलं.

मी पण खाली बघितलं. त्या हॉलमध्ये उत्तर माहीत असलेली आम्ही दोनच माणसं असू. मी उठून सांगू शकले असते. उठले नाही.

ही चिठ्ठी आलीये. 'मॅडम, १५ मिनिटे.' आणि खाली दोन रेघा. ठीक आहे. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं ते आता सांगते, भराभर सांगते, टिपून घेणाऱ्यांनी माफ करावं.

वरळीचा खांब. कोस्टल रोड, मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीट पुलापासून वरळीला सी लिंकपर्यंत, साडेदहा किलोमीटरच्या वर, जवळजवळ १११ हेक्टर समुद्र भरून. हायकोर्टाने जुलै २०१९ मध्ये त्याच्या परवानग्या रद्द केल्या, सुप्रीम कोर्टाने डिसेंबरात काम सुरू करायला मोकळीक दिली, ते सगळं तुम्ही पेपरात वाचलंय. मला त्यातलं एवढंसं सांगायचंय. वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात आणि नेमक्या त्यांच्या वाटेवर सी लिंकला जोडणाऱ्या पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत अंतर किती? नकाशावर ६० मीटर. कोळी म्हणाले २०० पाहिजे, पुढे १६० वर आले. महापालिका म्हणाली तज्ज्ञांनी सांगितलंय ६० पुरे. कोळ्यांनी होड्या घालून काम अडवलं. डिसेंबर २०२२ मध्ये १२० वर तडजोड झाली, सात आणि नऊ नंबरच्या खांबांमधला आठवा खांब गाळला.

मी त्या सुमारास तिथल्या एका नाखव्याला विचारलं होतं, काका, ६० मीटर म्हणजे केवढं असतं, तुमची होडी तर पाच मीटर पण रुंद नाही, बारा होड्या बाजूबाजूने जातील. तो उन्हात जाळ्याची दोरी सोडवत बसला होता, त्याने तीच दोरी उचलली, एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणाला बाय, सरळ चालत जा त्या पिंपापर्यंत. मी गेले. म्हणाला, आता डोळे मिटून जा. मी म्हटलं डोळे मिटून कशाला? म्हणाला, "खालून पाण्याची ओढ, अंगावर वारा, पहाटेचा काळोख, आणि मशीन बंद पडलं तर? तुमच्या कागदावर पाणी उभं असतंय. आमचं पाणी चालतं." मी डोळे मिटून गेले आणि अर्थातच पिंपावर आपटले. गुडघा अजून दुखतो, पण तो आधीपासूनच दुखायचा.

आता बघा, तो ८ नंबरचा खांब कधी गळला? काम सुरू होऊन चार वर्षं झाल्यावर. पेन्सिलीच्या रेघेसारखा तो खांब सुरुवातीलाच खोडता आला असता, कोणीतरी त्या नाखव्याबरोबर एका पहाटे होडीतून गेलं असतं तर. म्हणून मी म्हटलं होतं, तिसरा टप्पा लक्षात ठेवा. आपण लोकांना तिसऱ्या टप्प्यावर विचारतो, रेघ मारून झाल्यावर. तोपर्यंत ठेके ठरलेले असतात, इंजिनियरची इज्जत त्या रेघेत अडकलेली असते, आणि मग माणूस काहीही बोलला तरी तो विरोधक होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सुनावणी दुसऱ्या टप्प्यावर आणा, अभ्यास कशाचा करायचा हे ठरतं तिथे. त्या म्हातारीला तिथे विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पोरा, जुलैत येऊ नको, ऑक्टोबरात ये. काही खर्च नव्हता त्याला. आणि सल्लागाराचे पैसे प्रकल्पवाल्याच्या खिशातून थेट जाऊ नयेत, मध्ये एखादा सामायिक निधी हवा, हे माझ्याआधी पुष्कळांनी म्हणून झालंय. माझ्या बिलाचाही प्रश्न सुटेल.

उलट दिशेने चाललंय ते मात्र. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला त्यात लोकांना म्हणणं मांडायला तीस दिवस होते ते वीस करायचं होतं. आणि तो मसुदा स्वतः आला इंग्रजी-हिंदीत, दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत करा, तर सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. कोणी मला फोन केला असता, मी मराठीचं दीड दिवसात करून दिलं असतं. सवय आहे.

आता कोणाचं ऐकायचं हा प्रश्न, जो पत्रिकेवर आहे. सगळ्यांचं ऐका हे उत्तर मला पटत नाही, ते ऐकायला गोड आहे, पण सगळ्यांचं ऐकलं म्हणजे ज्याचा माईक मोठा त्याचं ऐकलं. माझी पट्टी अशी आहे, ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याला पहिल्यांदा विचारा. गाडीवाल्याला दुसरा रस्ता आहे, जरा वेळ लागेल. बिल्डरला दुसरा प्लॉट आहे. खाडीला दुसरी खाडी नाही. तिवराला पण नाही, ते सरकारी भाषेत कांदळवन झालं आणि हायकोर्टाने २००५ पासून त्याला हात लावू नका म्हटलं तरी, 'बदल्यात दुसरीकडे लावू' हे वाक्य मी इतक्या वेळा मराठीत लिहिलंय की कीबोर्ड आता आपोआप पुढचा शब्द सुचवतो.

पण ही पट्टी कुठे मोडते तेही सांगते, नाहीतर मगाशी जे दुसऱ्यांना बोलले ते मलाच लागू. आरे घ्या, तिथली झाडं तोडून मेट्रोची कारशेड करायची होती. ४ ऑक्टोबर २०१९, हायकोर्टाने झाडं वाचवायच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या, सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २१४१ झाडं गेली. त्या रात्री मी रडले होते. जंगलातल्या पाड्यांवरच्या आदिवासींना दुसरीकडे जाता येत नाही, माझ्या पट्टीने ते पहिले. पण अंबरनाथहून रोज दारात लटकून येणारा पोरगा, त्याला तरी दुसरीकडे कुठे जाता येतं? मुंबईच्या रेल्वेवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. त्यांची सुनावणी कुठल्या हॉलमध्ये भरली? माझी भाची सीप्झला कामाला आहे, मेट्रो थ्री आता कफ परेडपर्यंत गेलीये, ती म्हणते मावशी, मला पहिल्यांदा घरी आल्यावर स्वयंपाकाची ताकद उरते. तिला मी झाडांचा आकडा सांगू का? सांगितला. ती म्हणाली शेड दुसरीकडे करायची होती, मेट्रो कशाला अडवता. मला वाटतं ती बरोबर आहे, पण तेच तर सगळं भांडण होतं, कांजूरला करायची की आरेत, आणि त्यात दोन सरकारं गेली नि शेड आरेतच झाली. आणि कोस्टल रोडवरून मी स्वतः गेलेय. टॅक्सीने, नऊ मिनिटांत, खिडकी उघडून. फार छान वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

शिवाय कोळी म्हणजे काही एक माणूस नाही. अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं टाकणारा पर्ससीनवाला आणि एका जागी पिशवीसारखं जाळं बांधणारा डोलवाला एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एलईडी लावून रात्री मासळी ओढणाऱ्यांवर सगळ्यात जास्त चिडलेले दुसरे कोळीच आहेत. त्यामुळे पहिल्यांदा विचारा म्हटलं तरी कोणाला हा घोळ घरातही आहेच, त्याच्यावर मी दहा मिनिटं बोलणार होते, कागद आणलाय, तो तसाच घरी नेते.

दुसरी चिठ्ठी. आणि दारात मुली उभ्या आहेत घुंगरू घेऊन. या गं, आत बसा, दोनच मिनिटं.

त्या सारांशाचं पुढे काय झालं ते राहिलं. नियमाप्रमाणे सुनावणीतल्या हरकती लक्षात घेऊन अहवाल सुधारायचा असतो. महिन्याभराने नाशिकच्या मुलाचा मेल आला, मॅडम, लोकांच्या हरकतीनुसार मराठी सारांशात एक दुरुस्ती हवी आहे, शनिवारीच आला अर्थात. मी धडधडत्या छातीने फाइल उघडली. तारीख तीच होती, जुलै. इंग्रजी वाक्य तेच होतं. फक्त माझ्या एका शब्दावर पिवळा रंग मारून शेजारी लिहिलं होतं, हा शब्द स्थानिकांना कळत नाही, सोपा शब्द द्यावा.

मी 'फारशी' लिहून पाठवलं. एक शब्द, नव्वद पैसे. ते मात्र अजून आलेले नाहीत.